धर्माच्या रकान्यात मराठी

एडिसन, न्यू जर्सी
भाद्रपद शुद्ध अष्टमी, रविवार, सकाळचा दुसरा चहा

तीर्थरूप अक्काच्या चरणी धाकट्या मनोहरचा दंडवत.

तुझे गुडघे, दाजींचं पित्त, सूनबाईंची पोस्टातली बदली आणि परसातला तो फळ न धरणारा फणस, या चौघांचीही प्रकृती बरी असेल अशी आशा करतो. इकडे मी, रत्ना आणि निमिष सुखरूप आहोत. पाकीट पाहून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, उलट आनंद इतका झालाय की तो फोनमध्ये मावेना. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे दुसरं कारण. पत्राला मधेच "ते राहू दे, माझं ऐक" असं म्हणता येत नाही.)

मागच्या महिन्यात मी तुला सांगितलं की निमिषनं मुलगी पसंत केली आहे आणि ती मॉरिशसची आहे, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "मन्या, त्या बेटावरची माणसं कुठल्या देवाची रे?" आणि माझं उत्तर यायच्या आत तुझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली. अक्का, त्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मला दीड दिवस, अकरा व्हॅन, एक चर्च आणि माझा डावा गुडघा खर्ची घालावा लागला. तेव्हा ते आता तुला सविस्तरच वाचावं लागेल.

मुलीचं नाव प्रीता सखाराम. (सखाराम हे वडिलांचं नाव असणार असं धरून मी पहिल्या भेटीत "आणि आडनाव?" असं विचारून बसलो. तेच आडनाव. तिच्या खापरपणजोबांचे वडील आपल्या रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात मजुरी करायला गेले. बंदरावरच्या साहेबानं नाव विचारलं, त्यांनी सखाराम म्हणून सांगितलं, आणि साहेबानं तेवढ्यावर पुढच्या सगळ्या वंशाचं बारसं उरकून टाकलं.) मुलगी इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांचे अडलेले गुडघे चालते करते. तुझ्या दृष्टीनं यापेक्षा मोठं खानदान मला तरी माहीत नाही.

पण रत्ना पडली दादरची. तिनं "मॉरिशस?" हा शब्द अशा सुरात उच्चारला, जणू पोरगा ट्रॅव्हल एजंटाच्या कॅलेंडरावरून सून फाडून आणतोय. मग दोन दिवस तिनं फोनवर अभ्यास केला आणि जेवताना निकाल जाहीर केला. बेटावर माणसं बारा-तेरा लाख, म्हणजे आपल्या ठाण्यात एका कडेला बसतील एवढी. त्यांत निम्म्याहून थोडे कमी हिंदू, एक तृतीयांशाच्या आसपास ख्रिस्ती, सहावा हिस्सा मुसलमान, शिवाय चिनी देवळं आहेत ती वेगळीच. "अठ्ठेचाळीस टक्के," रत्ना म्हणाली, "म्हणजे हिंदू असण्यातसुद्धा सेकंड क्लास!" मी वरण ओरपत राहिलो. माझं सगळं आयुष्य एसीच्या कॉम्प्रेसरला कान लावण्यात गेलंय, आणि मशीन गरम असताना त्यात हात घालायचा नाही हा त्या धंद्याचा पहिला धडा.

पुढच्या रविवारी प्रीता जेवायला आली तेव्हा रत्नानं भाजी वाढता वाढता हळूच विचारलं, की तुमच्याकडे धर्म कुठला लावतात. मुलगी सरळ म्हणाली, "मराठी." रत्नाला वाटलं प्रश्न कळला नाही, म्हणून तिनं तोच इंग्रजीत विचारला. उत्तर तेच. तर अक्का, प्रकार असा आहे की तिकडे हिंदूंतही भाषेप्रमाणे चुली वेगळ्या. तमिळांची देवळं निराळी, तेलुगूंची निराळी, हिंदीवाल्यांची निराळी आणि आपल्या लोकांची निराळी. खानेसुमारीचा माणूस दारात आला की प्रीताचे वडील धर्माच्या रकान्यात मराठी असं लिहून देतात. "मग भाषेच्या रकान्यात काय लिहिता?" रत्नानं विचारलं. "क्रिओल," मुलगी म्हणाली (म्हणजे तिकडची फ्रेंचमधून झालेली बोली) आणि तिनं आणखी थोडी भाजी मागून घेतली.

ही गोष्ट आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या कानावर गेली. अध्यक्ष म्हणजे डॉक्टर नरेंद्र. हृदयाचे डॉक्टर, आता निवृत्त. पंचेचाळीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि तेव्हापासून एडिसनमधली मराठी संस्कृती त्यांच्याच देखरेखीखाली अतिदक्षता विभागात आहे. ते मला म्हणाले, "मनोहरराव, दीडशे वर्षं बाहेर राहिलेली माणसं. जरा तपासून घ्या बरं." (जुन्या फ्रीजबद्दल मीसुद्धा गिऱ्हाइकाशी असंच बोलतो, म्हणून रागावलो नाही.) रत्नानं मात्र ते मनावर घेतलं. मुलीच्या आईवडिलांना गणपतीला इकडे बोलवायचं, त्यांना आपल्या डोळ्यांसमोर पूजेला बसवायचं, आणि ती माणसं आपल्यातली वाटली नाहीत तर लग्नाला तिची परवानगी नाही, हे तिनं जाहीर केलं. निमिष मला गॅरेजमध्ये गाठून म्हणाला, "बाबा, आई नाही म्हणाली तर मी लग्न करणार नाही. आणि प्रीताशी नाही केलं तर कुणाशीच करणार नाही. सो, प्लीज, यार, डू समथिंग." मुलगा बापाला यार म्हणतो, हे तू विसरून जा. त्याचा आवाज मात्र मी ऐकला. बेल्ट तुटायच्या आधी मोटर तसा आवाज काढते.

व्याही-विहीण सोमवारी आले. कृष्णा सखाराम, साखर कारखान्यातले निवृत्त इलेक्ट्रिशियन, सडपातळ, मिशाळ, हसतमुख. त्यांचं मराठी शाळेच्या पुस्तकातून आलेलं, त्यामुळे ते वडापाव खाऊनसुद्धा "अल्पोपाहार अत्यंत रुचकर होता" असं म्हणतात. सुमित्राबाई कमी बोलतात, पण त्या घराचं मेन स्विच कुठे आहे हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. दोन दिवस गोडीत गेले. रत्ना डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघत होती, सुमित्राबाई हसत होत्या, आणि आम्हां गाढवांच्या लक्षात आलं नाही की त्याही बघत होत्या.

आता बुधवारची सकाळ ऐक, आणि ऐकताना दाजींना शेजारी बसवू नकोस, ते मला आयुष्यभर ऐकवतील. ऑगस्ट अखेरची उकाड्याची लाट, माझ्या एसी कंपनीच्या अकराही व्हॅन रस्त्यावर जाणार, म्हणून मी साडेपाचला जिना उतरलो. अंगात कंपनीचा शर्ट, एका हातात किल्ल्या, दुसऱ्या हातात अंड्याचं सँडविच. खाली दिवाणखान्यात दिवा लागलेला आणि सोफ्यावर दोघं ताठ बसलेले. कृष्णारावांच्या अंगावर धोतर, उपरणं, कपाळाला गंध. सुमित्राबाई हिरव्या साडीत, मांडीवर ताटली, आणि ताटलीत रत्नाच्या कुंडीतली झाडून सगळी जास्वंद. मला पाहून दोघं उठून उभे राहिले. कृष्णाराव हात जोडून म्हणाले, "मंगल प्रभात. श्री गणेशांचे आगमन किती वाजता आहे?"

मी म्हणालो, "शनिवारी."

"परंतु चतुर्थी आज आहे."

"हो, पण आज बुधवार आहे," असं मी म्हणालो. अक्का, धंद्याच्या चाळीस वर्षांत मी खूप खोटं बोललो असेन, पण इतकं खरं आणि इतकं लाजिरवाणं वाक्य माझ्या तोंडून कधी गेलं नव्हतं. मी समजावायला गेलो की आमच्याकडे गणपती वीकेंडला बसतो, मंडळाचाही वीकेंडला, घरचाही वीकेंडला, आठवड्यात कुणाला जमत नाही. (दिवाळी आम्ही तीनदा करतो, तिन्ही शनिवारी. संक्रांत थंडी ओसरल्यावर.) कृष्णारावांनी फार सौजन्यानं विचारलं, "येथे सार्वजनिक सुट्टी नसते काय?" त्यांच्या बेटावर असते. एवढंसं बेट, निम्म्याहून जास्त लोक हिंदू नाहीत, पण गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी. तमिळांच्या कावडीला सुट्टी, ईदला, नाताळला, चिन्यांच्या नववर्षाला, तेलुगूंच्या उगादीला, महाशिवरात्रीला सुट्टी. आणि अमक्याला सुट्टी म्हणजे तमक्यानं त्याच्या घरी जेवायला जायचं, हा रिवाज. ते हे सांगत होते, आणि सुमित्राबाईंची नजर माझ्या हातातल्या सँडविचवर होती. अंड्याचा वास दबत नाही, अक्का. नंतर कळलं की दोघं महिनाभर कारेम पाळत होते. कारेम म्हणजे मांसमच्छी, अंडं, दारू सगळं बंद. मूळ शब्द पाद्र्यांचा, त्यांच्या ईस्टरपूर्वीच्या उपासाचा. त्या बेटावर तो हिंदूंनीही उचलला आणि गणपतीला लावला. ख्रिस्ती नावाचा उपास आमच्या गणपतीसाठी ती माणसं विमानातसुद्धा पाळत आली, आणि मी, गुहागर तालुक्यातला, चतुर्थीच्या पहाटे अंडं हातात धरून उभा!

मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो, पण गाडी सुरू केली नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि सुमित्राबाई तिकडे बहिणीला फोन लावून बोलत होत्या. भाषा क्रिओल, मला एक अक्षर येत नाही, पण ज्याला भिंतीआडून गॅसची गळती ऐकू येते त्याला एवढं पुरतं. तीन शब्द कानावर आले: "मराठी", "लांगाझ" आणि "रेलिझ्यों". प्रीताला फोन केला आणि म्हटलं, बाई, यातल्या गाळलेल्या जागा भर. तिनं मावशीकडून सगळं काढून घेतलं, परत फोन केला आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "काका, आई म्हणते, हे लोक भाषेनं मराठी आहेत, धर्मानं नाहीत. ती म्हणते, अशा घरात मुलगी द्यायची का, याचा विचार करू."

मी वर जाऊन रत्नाला उठवलं आणि जसंच्या तसं सांगितलं. अक्का, परीक्षक म्हणून बसलेल्या माणसाला मध्येच कळावं की खुर्ची परीक्षार्थीची आहे, तेव्हा चेहरा कसा होतो ते मी पाहिलं. आधी ती म्हणाली, "मी? मी धर्मानं मराठी नाही? मी?" आणि मग केसांचा अंबाडा घालत म्हणाली, "सगळी कामं कॅन्सल करा. नऊच्या आत घरात गणपती पाहिजे." लग्नाला विरोध करणारी बाई ती शेवटची दिसली. त्यानंतर दिसली ती फक्त मुलगी हातची जाऊ नये म्हणून कंबर कसलेली सासू.

तेवढ्यात मी काय काय केलं ते ऐक. उकाड्यात गिऱ्हाइकांना फोन केले, की आज देवाचं काम आहे, पंखे लावा. (एक इटालियन म्हातारी म्हणाली, माझ्याही नावानं दिवा लाव.) ओक ट्री रोडवरच्या दुकानात मूर्ती बुक केलेली, ती शनिवारची. दुकानदार म्हणाला, "काका, आज? आज तर कोणीच येत नाही," आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. तिथे चाळीस गणपती, चाळीसही आपापल्या शनिवारची वाट पाहत ओळीनं बसलेले. दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे. मला पहिल्यांदा त्या देवाची दया आली. आमचा शोधून काढला, व्हॅनमध्ये दोन कॉम्प्रेसरच्या मध्ये ठेवला, पट्टा लावला आणि वीस मैलांच्या वेगानं घरी आणला. मागून हॉर्न वाजत होते, मी त्यांना ढोलताशे समजलो.

गुरुजी मिळेनात. आमचे गुरुजी आठवडाभर सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर असतात, त्यांची बुधवारी मीटिंग. म्हणून डॉक्टर नरेंद्र आले, सोवळं नेसून, टॅबलेट घेऊन. (गोळी नव्हे, ती पाटी.) पाटीवर पूजेचा व्हिडिओ लावला, पाटी समईला टेकवली, आणि डॉक्टर त्याच्यामागून म्हणू लागले. सगळं ठीक चाललं होतं. ऐन प्राणप्रतिष्ठेला, डॉक्टरांचा दर्भ मूर्तीच्या छातीला टेकलेला असताना, गुरुजींचा आवाज थांबला आणि एक बाई गाडीच्या विम्याबद्दल बोलू लागली. पंधरा सेकंद म्हणजे किती लांब असतात, अक्का! डॉक्टरांना जाहिरात घालवता येईना, बोटाला तूप लागलेलं. सुमित्राबाईंनी डोळे मिटून घेतले. मी म्हटलं, संपलं.

तेव्हा कृष्णाराव पुढे सरकले, पाटी उपडी घातली आणि डॉक्टरांना म्हणाले, "आपली अनुज्ञा असावी." आणि तो साखर कारखान्यातला इलेक्ट्रिशियन तोंडपाठ सुरू झाला. थांबणं नाही, अडखळणं नाही. उच्चार कुठे कुठे पुण्याला न मानवणारे होते, पण सूर बरोबर आपल्या गावच्या म्हाताऱ्यांचा. डॉक्टर हात जोडून ऐकत राहिले. ते चांगले माणूस आहेत, हे मला बावीस वर्षांनी कळलं. आरतीला रत्ना अशी गायली की शेजारचा कुत्रा गप्प झाला. सुमित्राबाईंनी प्रसाद घेतला, "छान" म्हणाल्या. पण त्या "छान"मध्ये मला अजून खडखड ऐकू येत होती.

ती गुरुवारी बाहेर आली. दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाची वेळ झाली, आणि रत्नानं रिवाजाप्रमाणे गॅरेजमधून पाच गॅलनची पांढरी बादली आणून घासून पुसून हळदकुंकू लावून मध्ये ठेवली. सुमित्राबाईंनी बादलीकडे पाहिलं, मग मूर्तीकडे, मग परत बादलीकडे. त्या दिवसातलं पहिलं सबंध मराठी वाक्य त्यांनी उच्चारलं, "देवाला यात बुडवता?" रत्ना म्हणाली, सगळे असंच करतात. सुमित्राबाई म्हणाल्या, "तुमचा समुद्र कुठे गेला?"

अक्का, समुद्र अर्ध्या तासावर आहे. वीस वर्षांत एकदाही त्याची आठवण झाली नाही. त्यांच्याकडे म्हणे सगळं गाव मूर्तीबरोबर पाण्यापर्यंत चालतं. हिंदू किती आणि कोण किती, हे पाण्याशी कुणी मोजत नाही. मी एका सरकारी कचेरीला फोन केला, त्यांनी सार्वजनिक किनाऱ्यासाठी सहा आठवडे आधीचा अर्ज सांगितला. मग माझं डोकं चाललं. खाडीकाठी एक चर्च आहे, त्याच्या मागे त्यांचा स्वतःचा लाकडी धक्का आहे, आणि त्या चर्चचा एसी चार वर्षांपूर्वी भर जुलैत एका लग्नात बंद पडला तेव्हा छपरावर चढून वधूचा मेकअप वाचवणारा माणूस मी होतो. फादर एमिलना फोन केला. मूर्ती शाडूची, रंग मातीचे, फुलं एकही टाकणार नाही, एवढं सांगितलं. ते म्हणाले, "मनो, तू माझ्याकडे प्रार्थनेसाठी जागा मागतोस, आणि मी अर्ज मागू?"

मिरवणूक काय निघाली म्हणून सांगू! पुढच्या व्हॅनमध्ये बाप्पा, मागे कंपनीच्या दहा व्हॅन, त्यांत इक्वेडोर, हैती आणि नागपूर अशा तीन देशांचे मेकॅनिक, (नागपूरचा सांगतो की तो वेगळाच देश आहे), मागे मंडळाच्या गाड्या, आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टर नरेंद्र, सिग्नल न तोडता. चर्चच्या दारात रत्नाला घाम फुटला, की आता या बाई काय म्हणतील! सुमित्राबाई उतरल्या, चपला काढल्या, सरळ आत गेल्या, मेणबत्ती लावली, डोक्यावर पदर घेऊन हात जोडले आणि बाहेर येऊन फादरशी घडाघडा फ्रेंच बोलायला लागल्या. फादर मूळचे हैतीचे. दोघांची अशी गट्टी जमली, जणू एका आळीतले. डॉक्टरांनी मला कोपरखळी मारली, "अहो, हे कसं काय?" कृष्णारावांनी ऐकलं आणि सांगितलं, की त्यांच्या बेटावर एका पाद्रीबाबांची समाधी आहे, सप्टेंबरात सगळे धर्म तिथे चालत जातात, हेही जातात. "दुसऱ्याच्या अंगणातून आपला देव न्यायचा असेल, तर आधी घरधन्याला नमस्कार करावा," असं ते म्हणाले. डॉक्टर आत जाऊन मेणबत्ती लावून आले.

धक्क्यावर आरती झाली. मग कृष्णारावांनी इकडेतिकडे पाहिलं, ढोलकी नाही. त्यांनी माझी ती पांढरी बादली व्हॅनमधून ओढून काढली, (रत्नानं गुपचूप आणली होती, समुद्र न मिळाला तर असावी म्हणून), पालथी घातली आणि मांडीत धरून बोटं टाकली. अक्का, पहिल्या दोन थापांतच मी ताल ओळखला. आपली जाखडी! आबांची चाल! ते लोक तिला झाकरी म्हणतात, पण थाप तीच. आणि कृष्णारावांनी खणखणीत आवाजात सवाल टाकला:

होडीत बसला गौरीचा बाळ, वल्हं कुणी मारायचं?
दर्या खवळला, वारा फिरला, पैलतीर कुणी दावायचं?

एवढंच. परत तेच. परत तेच. मी विचारलं, पुढे? ते म्हणाले, पुढे काही नाही. पाच पिढ्या आम्ही एवढंच गातो, हे गाणं एवढंच आहे.

आता तुला माहीत आहे, इकडे मी कुणाला कधी सांगितलं नाही की आमचे आबा जाखडीच्या फेरात सवालाला जबाब गाणारे बुवा होते. मंडळाच्या पुस्तकात "वडील कलावंत" एवढंच छापलंय. कसली कला ते मी बावीस वर्षं गिळलं, कारण मंडळात नाट्यसंगीत चालतं, अभंग चालतो, पण एका पायात चाळ बांधून गोल नाचणारे कुणबी, ते आपलं "पुढच्या वर्षी बघू." पण जहाजातून सवाल तिकडे गेला आणि जबाब आपल्या गावात राहिला, आणि दोघं दीडशे वर्षं एकमेकांवाचून गात बसले, हे माझ्या कानानं ऐकलं, आणि मग मला गप्प बसवेना. मी बूट काढले, रत्नाच्या हातात दिले, उजवा पाय आपटला आणि उत्तर दिलं:

वल्हं मारतोय उंदीरमामा, शेपटीचं केलंय सुकाणू,
पैलतीर आम्हां दावाया, हा बसलाय गजाननू!

कृष्णारावांची बोटं बादलीवर थांबली, डोळे भरले, आणि मग त्यांनी अशी थाप मारली की धक्क्यावरचे पक्षी उडाले. मी नाचलो, अक्का! पासष्टाव्या वर्षी, फेर धरून, गिरकी घेऊन! माझ्यामागे निमिष, त्याच्यामागे प्रीता, मग मेकॅनिक, मग फादर झगा सावरत, आणि शेवटी डॉक्टर नरेंद्र, हृदयाचे ठोके मोजत पण फेरात. सवाल-जबाब अकरा वेळा झाला. मग बाप्पाला घेऊन कृष्णाराव आणि मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो. बाप्पा अंगाला पाणी लागताच असा सुटला, जसा कुणी ऑफिसातून सुटावा.

वर आलो तेव्हा सुमित्राबाई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "रेलिझ्यों" परत ऐकू आला, पण या वेळी सूर गुळगुळीत, तेल घातल्यासारखा. गाळलेल्या जागा भरायला प्रीताला विचारावं लागलं नाही. रत्नाच्या जवळ जाऊन त्यांनी तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि "विहीणबाई" म्हणाल्या. आणि माझी दादरची बायको, जिनं महिनाभर टक्केवारी काढली, ती तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, दोन्ही हातांत माझे बूट तसेच.

लग्न डिसेंबरात, त्यांच्या गावी, समुद्राकाठी. काल शनिवारी मंडळाचा गणपती बसला. स्टेजवर डॉक्टरांनी स्वतः माइक घेऊन पुढच्या वर्षीपासून गणपती तिथीला बसेल असं जाहीर केलं आणि पहिला कार्यक्रम जाखडीचा ठेवला. बुवा म्हणून माझं नाव वाचलं, तेही आबांच्या नावासकट. टाळ्या पडल्या त्या तुला गुहागरला ऐकू आल्या असतील.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या बेटावरची माणसं कुठल्या देवाची? तर ज्या दिवशी जो देव येतो, त्या दिवशी त्याची. त्याला शनिवारपर्यंत थांबवून न ठेवणारी. एवढं आपल्याला जमलं तरी पुष्कळ.

दाजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, फणसाला शेण घाल.

तुझा,
मन्या

ता. क. — कृष्णारावांनी लग्नात सामना लावलाय, मुलीकडचे सवाल आणि मुलाकडचे जबाब. त्यांच्याकडे असले जबाब नसलेले आणखी चौदा सवाल निघाले. मला एकाचंही उत्तर येत नाही. पण आबा ओटीवर तालीम घ्यायचे तेव्हा माजघराच्या दाराआड बसून तू सगळं पाठ करायचीस, हे मला माहीत आहे. बायकांनी म्हणायचं नाही म्हणून तू कधी म्हटलं नाहीस. आता म्हणायचं आहे. सूनबाईंनी गेल्या आठवड्यात तुझा जो फोटो काढला तो आधार कार्डासाठी नव्हता, पासपोर्टसाठी होता. रागावू नकोस. खिडकीजवळची जागा सांगितली आहे.

वन्सं, नमस्कार. यांनी पत्र टेबलावर ठेवलंय म्हणून दोन ओळी घालते. सवाल-जबाब अकरा वेळा नाही, तीनदा झाला. चौथ्याला हे पडले. प्रीतानं गुडघा बांधला आणि व्हॅनपर्यंत फादरनी उचलून नेलं. पाण्यात निमिष उतरला होता. आणि मुलगी मला पहिल्यापासूनच पसंत होती. — रत्ना

ता. क. दुसरा, पाकीट चिकटवता चिकटवता, रत्ना आंघोळीला गेली आहे तोवर. अक्का, एक गोष्ट फक्त तुला. आबांना होडीत बसलं की ओकारी यायची, आणि "सुकाणू" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकल्याचं आठवत नाही. मी मात्र सहा वर्षं बोटीवर फ्रीज दुरुस्त करत होतो. तो जबाब आबांचा होता की त्या धक्क्यावर पाय आपटताना माझ्याच तोंडून सुटला, हे मला खरंच सांगता येत नाही. आबांचा खरा जबाब वेगळा असेल, आणि तुला येत असेल, तर तो अवश्य घेऊन ये. पण डिसेंबरात माझ्या कानात सांग. मोठ्यानं नको.